आप्पांच्या खुणा आणि माझी स्क्रिप्ट

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रोज झाडलं नाही की कोपऱ्यात कचरा साचतो, तसे ते ऑफिसात साचतात. आमच्याकडे चार वर्षं कुणी झाडलेलं नाही.

शिरूरला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. शेजारच्या गाळ्यात आप्पांचं बातम्यांचं पोर्टल. तीस वर्षं साप्ताहिक चालवून आप्पा म्हातारपणी इंटरनेटवर आले. मी त्यांना पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम, लिहून दिली. आप्पांनी साध्या मजकुरात खुणा करायच्या, स्क्रिप्ट त्याचं वेबपेज करणार. शब्दांच्या दोन्ही बाजूंना तारे (*) दिले की अक्षर ठळक, ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) दिला की मथळा. "एका रविवारचं काम," असं मी म्हणाले होते. तेव्हापासून एकही रविवार माझा राहिलेला नाही.

आप्पांचा नियम एकच. छापलं ते छापलं, मागं घ्यायचं नाही. गेल्या महिन्यात तो मोडायची वेळ आली. तिथं येतेच, आधी माझं थोडं रडगाणं ऐका.

* * *

आप्पा तारे सुरू करतात, बंद करायचे विसरतात. एकदा मथळ्यापासून पार खालच्या फोन नंबरापर्यंत सगळं पान ठळक झालं. भांडगावहून आमचे वार्ताहर सलीमभाई यांचा फोन आला.

"मॅडम, आप्पा कुणावर वरडत्यात?"

* * *

कासुर्डीत सत्कार होता. पाहुण्यांची नावं मानाप्रमाणे, एक ते नऊ. आप्पांनी प्रत्येक नावानंतर एक ओळ मोकळी सोडली, स्क्रिप्टनं दरवेळी नवी यादी धरली. नऊच्या नऊ जण एक नंबर!

मी दुरुस्तीला बसले, तेवढ्यात उपसरपंचांचा फोन. "हात लावू नका मॅडम. सत्कारानंतर कुणी रुसलं न्हाई, असं पहिल्यांदाच झालंय."

तो बग अजून आहे. लोक आता तो मागून घेतात.

* * *

शिक्रापूरच्या एका मालकानं खोलीची जाहिरात दिली. आप्पांनी शोभेसाठी आधी हॅश टाकला. आमदारांच्या दौऱ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत बातमी झळकली: 'खोली रिकामी, पाणी फक्त सकाळी'. दिवसभर कंपनीतल्या कामगारांचे फोन. "वो हेडलाइनवाला कमरा अभी खाली है क्या?"

त्या दिवशी मी आप्पांना सांगून टाकलं, "आप्पा, मी खरंच थकले. बाजारात तयार सॉफ्टवेअर मिळतं."

"त्येला भिंतीपल्याडनं हाक मारता येती का?" आप्पा म्हणाले.

* * *

आता तो गेल्या महिन्यातला प्रकार. एका सोसायटीची वार्षिक सभा पाच मिनिटांत उरकली, सभासद दारातच उभे राहिले, अशी बातमी आप्पांनी दिली. सलीमभाई तिथं हजर होते, बातमी शंभर टक्के खरी. तरी चेअरमननं वकिलाची नोटीस धाडली. आठ दिवसांत माफी छापा, नाहीतर कोर्टात या. माफीचा मजकूरही वकिलानंच लिहून दिलेला.

सत्तरीच्या माणसानं कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या? घरचे म्हणाले, माफी मागून मोकळे व्हा. आप्पा आठवडाभर नीट जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

सातव्या दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, खोडल्याली ओळ दाखवायची तर खूण कंची?"

दोन्ही टोकांना दोनदा नागमोडी रेघ (~~) द्या, मधल्या शब्दांवर आडवी रेघ येते, मी सांगितलं. आता आप्पा ती बातमी खोडणार म्हणून मीच हळहळले.

आठव्या दिवशी आप्पांनी माफी टाइप केली, वकिलाच्या शब्दाला शब्द. मी न वाचताच स्क्रिप्ट चालवली. दहा मिनिटांत चेअरमनचा फोन. आप्पांनी स्पीकर लावला.

"आप्पा, बातमी हाय तशीच हाय, आन् माफीवर आडवी रेघ का?"

"शब्द समदे हायेत का?"

"हायेत, पण रेघ..."

"ते मशीनचं काम, साहेब. आमच्या मॅडम बघत्यात." आप्पांनी फोन ठेवला, डबा उघडला आणि भाकरी मोडता मोडता मला म्हणाले, "तुमच्या स्क्रिप्टात कायतरी बिघाड दिसतोय, मॅडम. दुरुस्त करा. घाई न्हाई."