माझ्या नोकरीला मामाचा नकार

माझी परदेशातली पहिली नोकरी माझ्या मामाने मोडली. गेली नाही, हुकली नाही, मोडली. ठरलेलं लग्न मोडतात ना, तश्शी!

आधीचं थोडं सांगते, नाहीतर माझ्या रागाला वजन येणार नाही. येरवड्यात एका सोसायटीच्या जिन्याखाली माझ्या वडिलांचं, आबांचं, इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक कोळशाची इस्त्री आणि डोक्यावर एक बल्ब. आम्ही राहायचो मागच्या वस्तीत, एका खोलीत पाच जण. खोलीत टेबल मावत नव्हतं, म्हणून दहावी, बारावी आणि इंजिनिअरिंग हे तिन्ही मी इस्त्रीच्या टेबलावर केलं. (दुपारी एक ते चार. त्या वेळात पुण्यात कुणी कपडे टाकायलासुद्धा येत नाही, हेच माझ्या शिक्षणाचं खरं रहस्य!) माझ्या थर्मोडायनॅमिक्सच्या वहीवर आजही इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग आहे. विषयाला धरूनच आहे म्हणा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

आबांचा नियम एकच होता. "आशू, इस्त्रीला हात लावायचा नाही. तुझा हात वहीला."

इंजिनिअरिंगनंतर तीन वर्षं मी पुण्यातच एका कंपनीत नोकरी केली. पुढे मला स्कॉलरशिप मिळाली आणि मी मास्टर्स करायला आयर्लंडला निघाले. आबांनी सोसायटीत पेढे वाटले. पहिल्या मजल्यावरच्या दातार आजोबांनी पेढा घेतला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "डब्लिन? का? हिंजवडी भरली का?"

पदवी मिळाली. नोकरी मिळेना. नोकरी शोधायला तिथलं सरकार काही महिने राहू देतं, ते महिने संपत आले. तिथला नकार म्हणजे तर संतापजनक प्रकार! आपल्याकडे कसं, माणूस तोंडावर सांगतो, "नाही. पुढे व्हा." विषय संपला. तिथे तीन परिच्छेदांची ईमेल येते. पहिल्यात तुमचं कौतुक. दुसऱ्यात आणखी कौतुक, इतकं की आपण आईला फोन लावायला घेतो. आणि तिसरा परिच्छेद सुरू होतो 'दुर्दैवाने' या शब्दाने. कारण काय, तर 'तुम्हाला स्थानिक अनुभव नाही'. अहो, मी कालपरवा आले, स्थानिक अनुभव काय विमानात घेऊ?

पोटासाठी तेव्हा मी एका हॉटेलात काम करत होते. घरी तेवढंच सांगितलं होतं, "हॉटेलात काम करते." पुढचं सांगितलं नव्हतं. पुढचं असं, की मी त्या हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करत होते. इंजिनिअरिंगची पदवी, मास्टर्सची पदवी, आणि हातात तीच वस्तू!

अखेर, माझे पाच आठवडे उरलेले असताना, एका कंपनीने दोनदा व्हिडिओवर मुलाखत घेतली. मालाचे ट्रक कधी, कुठून, कुठे पाठवायचे ते ठरवण्याचं काम. त्यांना मी आवडले. म्हणाले, आता फक्त आधी जिथे काम केलं असेल तिथल्या एका माणसाशी बोलायचंय. पुण्यातल्या कंपनीतल्या माझ्या जुन्या साहेबांनी नोकरी बदलली होती आणि नंबरही. मग मला आठवला बबनमामा.

बबनमामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. लोहगावात राहतो आणि विमानतळावर त्याच्या चार टॅक्सी चालतात. कॉलेजच्या तिन्ही सुट्ट्यांत त्या गाड्यांचं वेळापत्रक मीच लावलं होतं. म्हणजे अनुभव खराखुरा, कामही तेच. शिवाय मामा म्हणजे आमच्या घराचं इंग्रजी खातं. परदेशी प्रवासी वाहून वाहून त्याचं इंग्रजी भलतंच बिनधास्त झालंय. मी त्याला फोन केला. तेव्हा मी काय बोलले ते शब्दशः देते, कारण सगळं पाप त्यातच आहे.

"मामा, आनंदाची बातमी आहे. त्यांनी मला दोनदा बघितलं. मी पसंत आहे. आता फक्त चौकशीचा फोन येईल तुला. चांगलं सांग हं! होकार आला की पुढचं ठरेल."

"आयर्लंडचीच मानसं हायती?"

"हो, तिथलीच. चांगली मोठी आहेत."

"आबांना ठाव हाय?"

"अजून नाही. सगळं जुळलं की मीच सांगणार आहे."

मामाने नाक ओढलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सुखी राहा, पोरी." मला वाटलं, किती हळवा आहे मामा! (वाचकहो, आपल्यापैकी कुणाला काही शंका आली असेल तर ती योग्यच आहे. दोन पदव्या असलेल्या बाईला आली नाही.)

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फिओनाबाईंनी मामाला फोन केला. मामाच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो, कारण गिऱ्हाइकं आयत्या वेळी पत्ते बदलतात. त्यामुळे तो संवाद मला नंतर ऐकता आला. मी तो आतापर्यंत अकरा वेळा ऐकलाय आणि अकराही वेळा माझे कान तापलेत.

फिओनाबाईंची सुरुवातच घातकी होती. "आमची कंपनी म्हणजे एक फॅमिली आहे. अश्विनीने आमच्या फॅमिलीत यावं अशी आमची फार इच्छा आहे."

मामाला हुंदका आला. "येस मॅडम. व्हेरी गुड फॅमिली. वुइ आल्सो गुड फॅमिली." मुलाची आई स्वतः फोन करते म्हणजे घर किती साधं, असं त्याला वाटलं म्हणे.

"प्रेशरखाली ती कशी असते?"

"प्रेशर? नो प्रेशर मॅडम! बीपी नाही, शुगर नाही. होल फॅमिली नाही."

"बरं... तिचा एखादा वीकनेस सांगाल?"

"वीकनेस बिलकुल नाही! बचपन से दूध पीती है." (मामाचं इंग्रजी घाईत आलं की हिंदीच्या गल्लीत शिरतं.)

फिओनाबाई धीराच्या. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "आणि तिला अनुभव किती आहे?"

इथे मामाचा आवाज एकदम चढला. "नो, नो, नो! नो एक्स्पीरियन्स! आमची मुलगी तसली नाही, मॅडम. झीरो एक्स्पीरियन्स! धिस इज फर्स्ट टाइम. गॅरंटी!"

तीन सुट्ट्या! तीन अख्ख्या सुट्ट्या मी त्या माणसाच्या टॅक्सी सांभाळल्या! पहाटेच्या चारच्या विमानाला दोन ड्रायव्हर आजारी असताना गाडी पोचवली! आणि हा म्हणतो झीरो!

आता मुलीकडच्यांची पाळी. मामाने घसा साफ केला आणि विचारलं, "मॅडम, बॉय काय करतो?"

"बॉय? अच्छा, तिचे साहेब म्हणताय? ती पॅट्रिकच्या हाताखाली असेल. फार गोड माणूस आहे."

"एज?"

"पॅट्रिकचं? बावन्न असेल."

रेकॉर्डिंगमध्ये इथे काहीतरी पडल्याचा आवाज आहे. मामा म्हणतो तो मोबाईलचा चार्जर होता. मला वाटतं तो मामाच होता.

फिओनाबाईंना वाटलं, मामांना माझ्या सुरक्षिततेची काळजी आहे. त्या मायेने म्हणाल्या, "अजिबात चिंता करू नका. पॅट्रिककडे आधीच सहा मुली आहेत, सगळ्या अगदी आनंदात आहेत. अश्विनी सातवी."

"सातवी!!!"

यापुढचं मामाचं वाक्य खणखणीत आहे. "मॅडम, वुइ आर इस्त्री पीपल, बट वुइ आर इज्जत पीपल! आमच्याकडून नकार! टोटल नकार! फोन ठेवा!" आणि स्वतःच ठेवला.

मग मामा मोटारसायकल काढून लोहगावाहून सुटला तो थेट आबांच्या टेबलासमोर येऊन थांबला. आबा दातार आजोबांच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. मामा ओरडला, "दाजी, आशूनं तिकडं जमवलंय! म्हातारा हाय बावन्न वर्साचा! आन् सहा बायका हायती!"

आबांचा हात जागच्या जागी थांबला. इस्त्री मात्र थांबली नाही, ती आपलं काम करत राहिली. शर्टाच्या पाठीवर वीतभर भोक पडलं. दातार आजोबा जिना उतरून आले, शर्ट उजेडात धरला, भोकातून आबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "खिडकी काढलीत होय? उत्तम. पूर्वेची आहे का?"

इकडे डब्लिनला मी चादरींच्या ढिगात उभी. आधी ईमेल आली : 'आपल्या कुटुंबाने नकार दिल्याचे आपल्या मामांकडून समजले. आम्ही आपल्या निर्णयाचा आदर करतो.' मी ती तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचणार तेवढ्यात आबांचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर आबा, मागे रडणारी आई, कोपऱ्यात मामाचा अर्धा चेहरा आणि तो शर्ट.

"सातवी?" आबा एवढंच म्हणाले.

"सातवी काय आबा, मी एमएस झालेय!"

आई म्हणाली, "शिकून हे दिवे लावलेस? एखादा बिनलग्नाचा नाही भेटला?"

"अगं कोण भेटला? मला नोकरी लागत होती! ती ह्या मामाने घालवली!"

"तूच म्हनलीस चौकशीचा फोन येनार!" मामा ओरडला. "बघितलं म्हनलीस, पसंत हाय म्हनलीस, होकार म्हनलीस! आता ह्यात नोकरी कुटं हाय, सांग!"

मी माझी वाक्यं मनातल्या मनात पुन्हा तपासली. खरोखरच त्यात नोकरी कुठेच नव्हती. मला तर मामाचा राग येत होताच, आता मराठीचाही आला. एवढी समृद्ध भाषा, आणि लग्न नि नोकरी एकाच शब्दकोशात उरकते!

"आता काय करणार तू?" आबांनी विचारलं. "पाच आठवडे राहिलेत ना? आणि तुझ्या मागे ते पांढरं काय आहे?"

रागाच्या भरात मी बोलून गेले, "चादरी आहेत! हॉटेलात मी इस्त्री करते, आबा! इस्त्री!"

आबांनी चष्मा लावला, पडद्याजवळ आले, माझ्या मागची चादर नीट न्याहाळली.

"वाफेची का?"

"हो."

"किनार आधी घे. मग मधलं." चष्मा काढून म्हणाले, "आणि त्या बाईला फोन लाव. आत्ता. ही चादर तुझी शेवटची."

मी फोन लावला. फिओनाबाईंना सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडे चौकशी म्हणजे काय, बघणं म्हणजे काय, आणि पॅट्रिकसाहेबांचं आमच्या घरात सध्या काय स्थान आहे. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नंतर कळलं, बाई टेबलाखाली गेल्या होत्या, हसत. पण वर आल्यावर नियमावर बोट ठेवलं. चौकशी पुन्हा करावी लागेल, त्याच माणसाकडे. तिथली माणसं नियमाच्या बाबतीत म्हणजे पेढाही उलटा करून बघणारे दातार आजोबाच!

या वेळी मी मामाची उजळणी घेतली. मामा ठीक बोलला. गाड्या, वेळापत्रक, पहाटेचं विमान, सगळं. शेवटी बाईंनी विचारलं, "अश्विनीबद्दल काही शंका?"

"अश्विनीबद्दल न्हाई," मामा म्हणाला. "पॅट्रिकबद्दल हाय. त्याला द्या."

आणि माझ्या भावी साहेबांना फोनवर बोलावण्यात आलं! माझ्या मामाने त्यांना आईवडील, बायको (एकच निघाली), मुलंबाळं, सिगारेट आणि दारू या क्रमाने विचारलं. दारूला साहेब म्हणाले, "फक्त शनिवारी." मामाने विचार केला. "शनिवार सोडा. मारुतीचा वार हाय. रविवारी घ्या." साहेबांनी मान्य केलं. मग मामा गंभीरपणे म्हणाला, "ओके. आमच्याकडून होकार."

त्या शुक्रवारी नेमणुकीचं पत्र आलं. त्यातही 'फॅमिली' शब्द होता, पण मी तो घरी वाचून दाखवला नाही.

याला आता दोन वर्षं झाली. मी कंपनीत कायम झाले. आबांच्या टेबलावर वाफेची इस्त्री आली. सोसायटीत अजून निम्मे लोक 'जावईबापू कधी येणार' म्हणून विचारतात, ते जाऊ द्या.

गेल्या महिन्यात मात्र खरंखुरं स्थळ आलं. मुलगा कोथरूडचा, राहतो इथेच डब्लिनात, बिनलग्नाचा आणि बरा. मुलाच्या आईचा फोन मामाकडे जाणार होता. जुना अनुभव लक्षात घेऊन मी मामाला आधीच बजावलं, "मामा, चौकशीचा फोन येईल. या वेळी नीट, प्रोफेशनल बोल."

मामा प्रोफेशनल बोलला. मुलीला अनुभव पाच वर्षांचा आहे म्हणाला, प्रेशरखाली उत्तम काम करते म्हणाला, आणि शेवटी त्या माउलीला विचारलं, "प्रोबेशन किती महिन्याचं? आन् नोटीस पिरियड?"

त्यांचा परत फोन आलेला नाही. मी नोकरीत कायम आहे, आणि मामाच्या कृपेने 'बिनलग्नाची' या पदावरही कायम!