लेबल नसलेल्या तीन बाटल्या

युगांडातल्या गुलू शहराजवळच्या एका शाळेत आचिरो बावीस वर्षं प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या धूत होती. शिक्षण सातवीपर्यंत. पण कोठीचं दार किलकिलं ठेवून तिने दरवर्षी तेच धडे ऐकले होते, आणि एकदा ऐकलेलं ती सहसा विसरत नसे. पोरं तिला मेगो म्हणत, म्हणजे आई.

बोर्डाच्या परीक्षेआधीच्या शेवटच्या सरावाच्या आदल्या दिवशी वाळवीने घात केला. तीन अल्कोहोलांच्या बाटल्यांची लेबलं फस्त! रसायनशास्त्राचे नवे ओडोच सर डोकं धरून बसले. कंपालाहून दुसऱ्या बाटल्या यायला तीन दिवस लागणार होते, आणि एक्केचाळीस मुलांचा सराव बुडणार होता.

"मी ओळखते, सर," आचिरो म्हणाली.

"मेगो, हे काय बाजारातलं ज्वारीचं पीठ आहे, चिमटीत घेऊन ओळखायला?"

तिला ते लागलं. तरी तिने तीन नळ्या मांडल्या, एकेका बाटलीतलं थोडं थोडं एकेकीत घेतलं आणि प्रत्येकीत जस्ताचा क्षार विरघळवलेलं तीव्र आम्ल ओतलं. पहिली लगेच गढूळ झाली. पाठोपाठ दुसरीही.

"बघा, दोन्ही सारख्याच! झालं समाधान?"

आचिरोचा चेहरा पडला. मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. दुसरी नळी उन्हात होती. "तापलीय ही, सर. उन्हाने घाई केली."

तिने नव्या नळ्या तशाच भरल्या आणि माठातल्या गार पाण्यात उभ्या केल्या. पहिली लगेच गढूळली. दुसरीला सहा मिनिटं लागली. तिसरी तशीच नितळ राहिली.

"पण असं का होतं?" सरांचा आवाज आता खाली आला होता.

"अल्कोहोलातला हायड्रॉक्सिल गट सुटून गेला की कार्बनवर धन भार उरतो. तो एकट्याला कसा पेलणार? शेजारी तीन कार्बन असले तर ते आपले इलेक्ट्रॉन थोडे थोडे त्याच्याकडे सरकवतात, म्हणून तो हायड्रॉक्सिल पटकन सोडतो आणि नळी लगेच गढूळते. दोन असले तर जरा वेळ घेतो. एकच असला तर गच्च धरून बसतो. शेत खणायला शेजारपाजार येणार असेल तरच आपण मोठं शेत अंगावर घेतो ना, तसं."

सरांनी कपाटातून कोरी लेबलं काढली. त्यांनी पेन पुढे केलं. "लेबलं तुम्हीच लिहा."

तिने तिन्ही नावं जपून लिहिली. खाली 'तयार करणाऱ्याचं नाव' अशी ओळ होती. तिथे नेहमी सरांचं नाव असे, म्हणून तिने ती कोरी सोडली. सरांनी बाटल्या तिच्याकडे परत सरकवल्या.

"मेगो, एक ओळ राहिली."

दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस मुलांनी ते नाव वाचलं, आणि मग कोठीच्या दाराकडे वळून पाहिलं.