मी पेजेनं भाजले नव्हते

“बाही वर कर. अजून वर. मागच्यांना दिसू दे.”

स्टेजवर बागवाल्या काकूंनी माझं मनगट धरलं होतं. मी बारा वर्षांची. मांडवीजवळचा हॉल माणसांनी भरलेला. भाजलेल्या मुलांसाठी काकू भरवायच्या ते लेझरचं शिबिर, त्याचं उद्घाटन. समोर मुंबईचे डॉक्टर, देणगीदार, फोटोवाले. मी बाही वर केली. मनगटापासून खांद्यापर्यंत ताठ, ओढलेली कातडी. कोपर अर्धंच उघडायचं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं नाकाला पदर लावला. वास कसला येणार होता? जखम भरून तीन वर्षं झाली होती.

मग काकू माइकवर म्हणाल्या, “घरी पेजेचं पातेलं अंगावर सांडलं. या वाडीतल्या आयांना मुलांकडे लक्ष द्या म्हणून सांगून सांगून थकलो आम्ही.”

माझी आई मागं भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली.

पेज सांडलीच नव्हती.

काकूंची आंब्याकाजूची बाग, आई तिथं कामाला. मे महिन्यात त्यांच्या अंगणात काजूबिया भाजायचे. भोकं पाडलेला पत्रा, खाली जाळ. टरफलातलं तेल पेट घेतं, बिया उडतात. शहाण्या माणसानं चार हात लांब राहावं. म्हणून तर आमच्या बौद्धवाडीतली पोरं बोलवायची! ढवळायला आम्ही, फोडायला आम्ही. अख्खा गर त्यांच्या डब्यात, तुकडा आमच्या हातावर. मी नऊ वर्षांची असताना तो पत्रा कलंडला आणि जळतं तेल माझ्या हातावर आलं.

दवाखान्यात नेताना गाडीत काकू आईला म्हणाल्या, “घरी पेज सांडली असं सांग. पोलिसांची भानगड नको. हिच्या हाताचं लेझर मी करून देईन. शब्द देते.”

आईनं डॉक्टरला पेज सांगितली. मलाही तेच पढवलं. वाडीतल्या बायका तिला तोंडावर बोलल्या, ‘पेज उतरवताना डोळे कुठं होते तुझे?’ तिनं गिळलं. तिनं शब्द पाळला.

आणि काकू? दरवर्षी शिबिर, दरवर्षी मी स्टेजवर. लेझर दुसऱ्या मुलांना, मला पुढच्या वर्षीचा वायदा. त्या सकाळी, स्टेजवर जाण्याआधी, डॉक्टरांनी माझं कोपर वाकवून पाहिलं. म्हणाले, “हिला आधीच आणायला हवं होतं. मूल वाढतं, व्रण तसा वाढत नाही. लेझरनं डाग पुसला जात नाही, पण कातडी मऊ होते, खाज कमी होते.”

काकू हसल्या. “हिचा फोटो यंदा पत्रिकेवर आहे ना, डॉक्टर. पुढच्या खेपेला घेऊ.”

म्हणजे माझा हात असाच राहायला हवा होता.

स्टेजवर मी डाव्या हातानं माइक ओढला. “मी पेजेनं भाजले नाही. यांच्या अंगणात काजूबिया भाजताना भाजले. माझी आई खोटं बोलली ती यांच्या शब्दावर.”

कुणीतरी माइक बंद केला. पण तोवर बोलून झालं होतं. आईचं काम दुसऱ्या दिवशी सुटलं. चार दिवसांनी काकूंचा निरोप आला, सगळ्यांसमोर माफी माग, लेझरची तारीख मिळेल.

आई रडायला लागली. “माग गो बाय माफी. हात तरी सरळ व्हईल.”

मला लेझर हवं होतं. फार हवं होतं. कोपर ओढायचं, खाजेनं झोप लागायची नाही. मीही रडले. माफी मागितली नाही.

आज मी एकोणीस वर्षांची आहे. सरकारी रुग्णालयात लेझरसाठी नाव लावलंय. नंबर लागेल तेव्हा लागेल. उशीर झालाय, हे डॉक्टरांनी सांगण्याआधी मला माझं कोपर सांगतं. ही फसवणूक मी विसरणार नाही, आणि कुणी विसर म्हणालं तर त्यालाही दारात उभं करणार नाही.

येत्या मे महिन्यात त्या अंगणात पुन्हा जाळ पेटेल. वाडीत पुन्हा हाक येईल, ‘पोरांना पाठवा.’ मी बागेच्या वाटेवर आडवी उभी राहणार आहे. आमचं एकही पोर पुढं जाणार नाही. ज्यांना काजू खायचे असतील, त्यांनी आपले हात जाळाशी न्यावेत.