मुंग्या कुणाच्या?

बारामतीत आम्ही भाड्याने राहत होतो, तेव्हा शेजारच्या खोलीत एक बाई आल्या. नाव कधी विचारलंच नाही. पदर खोचून तरातरा चालणं तेवढं डोळ्यांपुढे आहे.

मुंग्यांनी आम्हा भाडेकरूंना वात आणला होता. घरमालक आबा म्हणायचे, "घरात तुमी राहता, मुंग्या तुमच्या. औषध तुमीच मारा." आम्ही मुकाट्याने खडूच्या रेघा ओढायचो.

बाईंनी मात्र मुंग्यांची रांग धरली आणि जिन्यावरच्या माळ्यापर्यंत माग काढला. तिथे आबांचं पोतं होतं. ऊस घालणाऱ्या सभासदांना दिवाळीला कारखान्याची साखर मिळते, ती! स्वतःच्या घरात मुंग्या नकोत म्हणून आबांनी ती आमच्या डोक्यावर ठेवली होती.

बाईंनी आबांना हाक मारली आणि त्यांच्यादेखत पातेलं भरायला घेतलं.

"ओ बाई, ती साखर माझी हाय!" आबा ओरडले.

"व्हय ना आबा? मग मुंग्याबी तुमच्याच."

आम्ही सगळे जिन्यात पोट धरून हसलो. आबांनी पोतं खाली नेलं. दुसऱ्या दिवशी औषध मारणारा आला, आबांच्या खर्चाने.

पातेल्यातली साखर मात्र बाईंनी परत केली नाही. तिचा शिरा केला आणि पहिली वाटी घेऊन त्या आबांकडेच गेल्या.