सोमारीबाई आणि करपलेली वांगी

सोमारीबाईशी जपून बोला, असं मला रुजू झाले त्याच दिवशी सांगण्यात आलं. जिवतीच्या डोंगरावरची आमची मुलींची निवासी शाळा. सोमारीबाई तिथे कामाठी. कागदोपत्री तिचं काम झाडलोट आणि पाणी भरण्याचं. पण वसतिगृहामागची अर्ध्या एकराची परसबाग चौदा वर्षं तिनेच उभी ठेवली होती. मुरमाड जमिनीतले दगड वेचून, शेणखत घालून तिने तिथे वांगी, टमाटर, वालाच्या शेंगा आणि पपया लावल्या होत्या. आठवड्यातून चार दिवस एकशेवीस मुलींच्या ताटात तिथली भाजी पडायची.

तिच्या रागाबद्दल ऐकलं होतं ते खरं निघालं. खुरपं वाफ्यात विसरणाऱ्या मुलीला ती चारचौघांत बोलायची. एकदा मी हौसेने पाइप हातात घेतला आणि धार थेट रोपाच्या बुंध्यावर सोडली, तर मलाच म्हणाली, "मुळं उघडी पाडून राह्यल्या तुमी. आळ्यात सोडा पाणी." मी वडशाकडच्या धान पिकवणाऱ्या घरातली, त्यात विज्ञानाची शिक्षिका. तरी मुकाट्याने पाइप खाली धरला, कारण तिचं बरोबर होतं. तिचं बहुतेक वेळा बरोबरच असायचं, आणि लोकांना खुपायचं ते तेच.

डोंगरावर दर हिवाळ्यात दोन-चार दिवस फार वाईट येतात. सांजेला वारा पडतो, आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं, चुलीचा धूर वर न जाता कौलांवरच रेंगाळतो. मग पहाटे दव गोठतं. तिकडे त्याला 'पाला पडला' म्हणतात. सोमारीबाईची तयारी दिवाळीपासूनच सुरू व्हायची. स्वयंपाकघरात रिकामी झालेली तांदळाची पोती ती धुऊन, उसवून, दोन-दोन जोडून शिवायची. तुराट्या रोवून वाफ्यांवर बुटके मांडव करायची. गारठ्याची चिन्हं दिसली की ऊन उतरायच्या आत वाफे भिजवायचे, कारण ओली जमीन ऊब धरून ठेवते. मग वरून पोती, आणि कोवळ्या पपयांना वाळक्या गवताची टोपी. सकाळी ऊन आलं की सगळं काढायचं. चौदा वर्षांत तिची बाग थंडीने कधी गेली नव्हती.

त्या जानेवारीत शाळेच्या पाहणीला मोठे साहेब येणार होते. आमच्या हेडसरांनी मंडप घातला आणि बसायला अंथरण्यासाठी सोमारीबाईची सगळी पोती उचलून नेली. रोपांवरची हिरवी जाळी कमानीला गेली. त्याच दिवशी सांजेला वारा पडला.

ती ऑफिसात गेली तेव्हा मी तिथेच हजेरीपट भरत बसले होते. आज पाला पडणार आहे, पोती उद्या सकाळी धुऊन परत अंथरून देते, असं तिने सांगितलं. हेडसर कागदांतून मान वर न करता म्हणाले, की एका दिवसाच्या थंडीने काही होत नसतं, आणि मंडप एकदा लागला की लागला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञान शिकवते हे तिला ठाऊक होतं. मी हजेरीपटात डोकं घातलं.

तिने वाफे भिजवले. घरून दोन गोधड्या आणि तीन जुनी लुगडी आणली, ती पपयांनाच पुरली. सकाळी मी गेले तेव्हा गवतावर मिठासारखं पांढरं पडलं होतं. ऊन चढलं तशी वांग्यांची पानं काळी पडत गेली, उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी लोंबायला लागली. सोमारीबाई वाफ्यांमधून चालत एकेक खोड नखाने खरवडून बघत होती. आतून हिरवं होतं.

तिने सगळ्यांना एकच गोष्ट बजावली. कोणी काही कापायचं नाही. करपलेली पानं वरून असली तर खालचे डोळे थंडीत वाचतात. थंडी सरली की छाटू, बुडातून फुटतील.

पण साहेबांना काळी बाग कशी दाखवायची? दुसऱ्या दिवशी ती बाजारातून किराणा आणायला गेलेली असताना हेडसरांनी दोन गडी लावून वांग्यांच्या तीन ओळी आणि सगळे टमाटर उपटून खतखड्ड्यात टाकले. मागच्या भिंतीकडची एक ओळ तेवढी राहिली, कारण ती रस्त्यावरून दिसत नव्हती. मग नर्सरीतून कुंड्या आल्या. झेंडू, शेवंती, फळं धरलेली वांगी. कुंड्या मातीत गाडून वरून माती सारखी केली. परत आल्यावर सोमारीबाई ते बघत उभी राहिली. ती कोणाशी एक शब्द बोलली नाही, आणि तिला चौदा वर्षांपासून ओळखणारे त्यानेच धास्तावले.

साहेब आले, बाग बघून खूश झाले. ही कोणाची मेहनत, असं त्यांनी विचारल्यावर हेडसरांनी सोमारीबाईला पुढे बोलावलं. शाल आणि नारळ तयारच होते. तिने हात पुढे केले नाहीत.

"हे झाडं माहे नाईत, साहेब," ती म्हणाली. "माहे तिकडं खड्ड्यात हायेत. या, दाखवतो."

आणि ती चालू लागली. साहेबांना जावंच लागलं. खड्ड्यातून तिने वांग्याचं एक झाड ओढून काढलं, खोड खरवडून त्यांच्यापुढे धरलं. "हे पाहा, हिरवं हाये. जित्ते झाडं उपटले यायनं." मग वाफ्याकडे येऊन तिने एक कुंडी जमिनीतून वर काढून ठेवली. साहेबांनी हेडसरांकडे एकदा पाहिलं, घड्याळ बघितलं, आणि जेवण न करता निघून गेले.

चार दिवसांनी तिला नोटीस मिळाली. वरिष्ठांसमोर शाळेची बदनामी केल्याबद्दल खुलासा द्यावा. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे आली. मला वाटलं, राग निवला असेल. तसं काही नव्हतं. तिने तीन वाक्यं सांगितली: मी खोटं बोलली नाई. बारदाने मागतले होते, देले नाई. झाडं थंडीनं करपले होते, पण मारले ते माणसानं.

'मारले'ऐवजी 'काढण्यात आले' लिहू का, असं मी विचारलं.

"तुमाले काऊन भेव लागून राह्यलं?" ती म्हणाली. "त्या दिवशीबी बोलल्या नाई तुमी."

मी 'मारले' असंच लिहिलं, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही केली. त्या खुलाशाला उत्तर कधी आलं नाही. हेडसर तिच्याशी आणि माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले.

फेब्रुवारी सरता सरता तिने मागच्या ओळीचे वाळके शेंडे छाटले. प्रत्येक बुडाला दोन-तीन जांभळट फुटवे होते. मी बघायला गेले आणि म्हणाले, किती छान फुटली. ती माझ्यावर खेकसली. तीन ओळी अशाच फुटल्या असत्या, टमाटरांचंही काही हाती लागलं असतं, पोरी महिनाभर नुसतं वरण खाऊन राहिल्या, त्यात छान काय?

मग तिने शेणखताचं घमेलं पायाने माझ्याकडे सरकवलं. "उभ्यानं पाहून काय होते? टाका बुडाशी. खोडाले लागू देऊ नोका."