पडद्याबाहेरची बाई

आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळींत मला नटी म्हणून कुणी ओळखत नाही. मी पडद्याबाहेरची बाई. गणपतीत नाटक असतं, अंक संपतो, पडदा पडतो, आत महालाचं जंगल करायला माणसं धावतात. तेवढ्या वेळात प्रेक्षक चहाला उठू नयेत म्हणून मी पडद्यापुढे उभी राहून गाते, नकला करते. तरुणपणापासून हेच करत आले आणि अजून कंटाळा आलेला नाही.

सुरुवात मात्र नायिका म्हणून झाली होती. गळा चांगला होता, दिसायलाही बरी होते, खोटं कशाला सांगू! नाटक संगीत होतं. रुसलेल्या नायकापुढे डोळ्यांत पाणी आणून मला म्हणायचं होतं, "नाथ, का रागावलात?" पाणी आलं, पण तोंडातून निघालं ते आमच्या घरातलं, "नाथ, काहून रागावून राहिले?" सगळा हॉल खो खो हसला. नायकसुद्धा. पुण्याहून बदली होऊन आलेले आमचे दिग्दर्शक तेवढे हसले नाहीत. पुढल्या वर्षी ते म्हणाले, "बाई, तुम्ही पडद्याबाहेर उभं राहून लोकांना बसवून ठेवा. तिथं कुठलीही भाषा चालेल."

ते शेवटचं वाक्य मला फार झोंबलं. म्हटलं, कुठलीही ना? मग घ्या! नर्मदेच्या ग्वारीघाटावरचा नावाडी आणि पुण्याची पाहुणी, दोन्ही मीच झाले. पाहुणी नावेत पाय ठेवून लाजत विचारते, "खाली बसू का?" नावाड्याला वाटतं, बाईला रिकामी नाव हवी. "खाली नहीं जाएगी बाई जी, सवारी भरने दो!" मग ती ताना घेत भांडते आणि तो हिंदीत तिच्यावर तान चढवतो. लोक चहा विसरले. दुधाची तहान ताकावर भागवली, असं काहीजणी म्हणाल्या. म्हणू देत, मला ताक आवडतं.

यंदा आमचा तरुण सेक्रेटरी घरी आला. "काकू, यावर्षी मागं मोठी स्क्रीन लावून राहिलो आपण. बटण दाबलं की कॉलेज, दाबलं की लग्नाचा मांडव. पडदा पाडायचं कामच नाही. तुम्ही आरामात पुढं बसून बघा."

"अच्छा," मी म्हटलं. त्याला पोहे दिले, चहा दिला, आणि तो गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला पुढं बसून बघायचं नव्हतं. मला गायचं होतं.

तरी तालमीला गेलेच. नायिका झालेली मुलगी बँकेत नोकरी करणारी, घरात मराठी ऐकलेली पण बोलताना जपून शब्द उचलणारी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती जीन्समध्ये आणि तिसरा उघडतो तेव्हा बोहल्यावर. शिवलेली नऊवारी तिला नको होती, आईचीच नेसायची होती.

मी सेक्रेटरीला हाक मारली. "भैया, तुझ्या बटणानं हिला नऊवारी नेसवता येईल का रे?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "ठीक आहे काकू, तेवढ्यापुरता पडदा पाडतो. पण ती तयार झाली की विंगेतून हात दाखवेल. तुम्ही लगेच थांबायचं."

प्रयोगाच्या दिवशी मी गात होते, पण अर्धं लक्ष विंगेकडे होतं. नाव भरली, सुटली, पाहुणी घाबरून नर्मदामैयाला नवस बोलली, तरी हात काही दिसेना. निऱ्या सुटल्या वाटतं पोरीच्या, असं म्हणून मी पाहुणीच्या नवऱ्यालाही नावेत चढवलं. तो कधी माझ्या नकलेत नव्हताच. लोक हसून हसून पुढच्या खुर्च्यांवर रेलत होते. शेवटी दम लागला, म्हणून तान घेता घेता जराशी वळून पाहिलं.

ती विंगेत उभी होती. नऊवारी, नथ, मुंडावळ्या, सगळं जागच्या जागी. केव्हाची तयार होती कोण जाणे. मागून सेक्रेटरी तिला कोपरानं ढोसत होता.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मला मान हलवून सांगितलं, "अजून, काकू."