लांब चंद्रा, आखूड चंद्रा

टेमघरच्या सावळारामने लग्न झाल्यापासून बायकोला नावाने हाक मारली नव्हती. आई कायम ओटीवर बसलेली. तिच्यासमोर बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे त्याला घाम फुटे. सुरुवातीला त्याने खोकून भागवलं. मग चंद्रा जन्मली आणि तो सुटला. पोर पाळण्यात असतानाच तो खुशाल म्हणू लागला, "चंद्रा, पाणी आण." पाणी त्याची बायको तुळजा आणी.

चंद्रा मोठी झाली तशी घरानेच सोय लावून घेतली. लांबवलेली "चंद्राऽ" म्हणजे बायको, आखूड "चंद्रा" म्हणजे मुलगी. यंत्रमागाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात ओरडून सावळारामचा आवाज असा झाला होता, की लांब कुठली नि आखूड कुठली हे सगळ्या आळीला कळे.

शहात्तर सालच्या वैशाखात चंद्रा लग्न होऊन अंबाडीला गेली. आई त्याआधीच वारली होती. पाहुणे पांगल्यावर सावळाराम ड्युटीला जायचं म्हणून मोरीत अंघोळीला बसला. डोळ्यांत साबण, टॉवेल बाहेर दोरीवर.

"चंद्राऽ, टॉवेल."

तुळजा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. "ती अंबाडीला हाय."

"अगं, तुला म्हणतोय."

"माझं नाव चंद्रा न्हाय."

सावळाराम खोकला.

"काढा करू?" तुळजाने विचारलं.

"ए, शुक शुक."

"बकरी चरायला गेली."

"शिफ्ट सुरू होईल. माझा लूम दुसऱ्याला देतील."

"मग बोलवा की. सासूबाई न्हाईत, चंद्री न्हाय. आता कुणाला लाजताय? मी एकटीच उरले हाय घरात."

सावळारामने दोनदा तोंड उघडलं, दोन्हीदा साबण आत गेला. शेवटी त्याने डोळे घट्ट मिटले.

"तुळजा!"

शेजारच्या जानकीबाई दारात आल्या. "तुळजा, कुणीतरी बोलावतंय गं तुला. कोण पाहुणा आलाय?"

"नवाच हाय," तुळजा म्हणाली. टॉवेल घेऊन ती मोरीच्या पडद्यापाशी थांबली. "नीट ऐकू न्हाय आलं."

"तुळजा," आतून हळूच आलं.

टॉवेल आत गेला.

त्यानंतर सावळारामला ते नाव पुरेना. तुळजा, चपला कुठं. तुळजा, दार लाव. तुळजा, काही न्हाय, असंच.

दिवाळीला चंद्रा माहेरी आली. मायलेकी करंज्या भरत होत्या. मोरीतून हाक आली, "तुळजा." चंद्रा टॉवेल घेऊन निघालीसुद्धा.

"तू कुठं चालली?" आईने विचारलं.

"आखूड होती ना हाक."

तुळजाने पिठाच्या हातानेच टॉवेल काढून घेतला. "बस तू. आखूडही आता माझीच."